लगुना माद्रेतील हिवाळी मासेमारी : पाण्यात उतरणाऱ्या नवख्यांसाठी

टेक्सासच्या दक्षिण किनाऱ्याला लागून, पाद्रे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये, लगुना माद्रे हे सुमारे २०० किलोमीटर लांबीचे खाजण सरोवर पसरलेले आहे. त्याची सरासरी खोली जेमतेम एक मीटर आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी किनाऱ्यापासून बरेच आत गेले तरी पाणी मांडीच्या वर चढत नाही, आणि ज्याच्याकडे होडी नाही त्यालाही पाण्यातून चालत जाऊन उत्तम मासेमारी करता येते. या सरोवराला मोठी नदी मिळत नाही, पाऊस बेताचा पडतो आणि ऊन भरपूर असते. म्हणून इथले पाणी बहुतेक वेळा खुल्या समुद्रापेक्षाही खारट असते. अशी अतिखारट सरोवरे जगात मोजकीच आहेत.

ह्यूस्टन, सॅन अँटोनिओ, ऑस्टिन या शहरांत स्थायिक झालेल्या आणि लहानपणी खाडीवर गळ टाकलेल्या मराठी माणसांना इथले पाणी सर्वस्वी परके वाटणार नाही. ज्याच्या मागे सगळे धावतात तो स्पॉटेड सी ट्राउट, तसेच रेडफिश आणि ब्लॅक ड्रम हे तिन्ही मासे आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातले आहेत, आणि त्यांचे हिवाळ्यातले मुख्य खाद्य असलेला मलेट म्हणजे आपल्या खाड्यांतला बोयच होय. मात्र मासेमारीची रीत वेगळी आहे, आणि हिवाळ्यात तर ती मुळापासून शिकावी लागते. उन्हाळ्यात भरपूर मासे मिळतात. पण मोठा ट्राउट हवा असणारे जाणकार डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांची वाट पाहतात. या काळात कोळंबी कमी झालेली असते, मोठ्या माद्या बोयसारख्या भरघोस घासाच्या शोधात असतात आणि पाण्यावरची वर्दळही ओसरलेली असते.

दिवस निवडणे : तिथी बाजूला ठेवा, वारा पाहा

कोकणात गरवायला शिकलेला माणूस आधी तिथी पाहतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग यांवर त्याचा सारा हिशेब चालतो, आणि तो बरोबरही असतो, कारण मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरांच्या पुढे जाऊ शकतो. लगुना माद्रेला समुद्राशी जोडणाऱ्या वाटा थोड्या आणि अरुंद आहेत, त्यामुळे भरती सरोवरात खोलवर पोचेपर्यंत तिचा जोर काही सेंटिमीटरांवर येतो. इथले पाणी चढते-उतरते ते मुख्यतः वाऱ्याने. त्याशिवाय ऋतूनुसारही पातळी बदलते : सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पाणी सर्वांत चढलेले असते आणि जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत उतरलेले. पावसाळ्यानंतर आपल्या तळ्याची पातळी जशी ओळखीची असते तशी ही पातळी नजरेत बसायला एक हिवाळा पुरेसा होतो.

हिवाळ्यात दर चार-सहा दिवसांनी उत्तरेकडून थंड हवेची आघाडी किनाऱ्यावर येऊन आदळते. स्थानिक लोक तिला ‘नॉर्दर’ म्हणतात. नवख्याने हवामानाच्या अंदाजात सर्वप्रथम हीच आघाडी शोधावी, कारण मासा कधी खाईल, कुठे असेल आणि तुम्ही पाण्यात उतरावे की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्या वेळापत्रकात असतात.

आघाडी येण्याच्या आदल्या दिवशी वारा आग्नेयेकडून वाहतो, हवा दमट आणि उबदार असते, वायुभार घसरत जातो आणि मासे जोमाने खातात. हा दिवस चांगलाच, पण त्यात दोन धोके असतात. उबदार दमट हवा थंड पाण्यावर आली की दाट धुके उतरते आणि किनारा दिसेनासा होतो. तसेच आघाडी अंदाजापेक्षा लवकर आली तर काही मिनिटांत वारा दिशा बदलून झोडपू लागतो. उत्तर क्षितिजावर गडद निळसर पट्टा दिसला की गळ गुंडाळून किनाऱ्याकडे निघावे. आणखी एक फेक टाकण्याचा मोह या वेळी धरू नये.

आघाडी येऊन गेल्यावरचा पहिला दिवस नवख्याने सोडून द्यावा. आकाश स्वच्छ असते, ऊन छान दिसते, परंतु उत्तरेचा वारा बोचरा असतो, पाणी झपाट्याने थंड झालेले असते आणि मासे खोल पाण्यात जाऊन स्वस्थ बसलेले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वारा पडतो, पुन्हा आग्नेयेकडे वळू लागतो आणि दोन-तीन दुपारी सलग ऊन मिळाल्यावर उथळ पाणी तापते. मोठ्या ट्राउटसाठी हीच खरी वेळ.

तापमानाचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पाणी साधारण ५५ ते ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १३ ते १८ अंश सेल्सियस असेल तर ट्राउट उथळ पाण्यात येऊन खातो. ५० अंश फॅरनहाइटच्या खाली तो मंदावतो आणि खोल पाणी गाठतो. ४५ अंशांच्या आसपास, म्हणजे ७ अंश सेल्सियसला, पाणी बराच काळ राहिले तर तो मरू लागतो. पाण्याचे तापमान आणि पातळी यांचे ताजे आकडे सरोवरातील आणि आसपासच्या मोजणी-केंद्रांवरून सरकारी संकेतस्थळांवर सतत मिळतात. निघण्याच्या दिवशी फक्त त्या क्षणाचा आकडा पाहू नये. मागील तीन दिवसांचा आलेख पाहावा. ५६ अंशांवर चढत आलेले पाणी आणि ५६ अंशांपर्यंत घसरलेले पाणी यांत मासे अगदी वेगळे वागतात. चढत्या पाण्यावर विश्वास ठेवावा.

पहाटे उठून पळण्याची गरज हिवाळ्यात नसते. सूर्य वर येऊन तळाचा काळा चिखल तापायला वेळ लागतो, म्हणून दुपारी बारा ते सूर्यास्त ही वेळ सर्वोत्तम मानावी. शिवाय जानेवारीअखेरपर्यंत बदकांच्या शिकारीचा हंगाम चालू असतो आणि सकाळच्या वेळी उथळ पाण्यात शिकारी दबा धरून बसलेले असतात. उत्तर अमेरिकेतील रेडहेड बदकांपैकी बहुसंख्य बदके हिवाळ्यात याच सरोवरावर उतरतात, त्यामुळे शिकाऱ्यांची संख्या कमी नसते. सकाळ त्यांच्यासाठी सोडावी आणि एरवीही अंगावर लांबून दिसेल असे काहीतरी घालावे.

जागा

होडीशिवाय सुरुवात करणाऱ्यासाठी बर्ड आयलंड बेसिन ही जागा मी सर्वांत आधी सुचवीन. कॉर्पस क्रिस्टीच्या दक्षिणेला पाद्रे आयलंड नॅशनल सीशोरच्या हद्दीत, सरोवराच्या बाजूला ती आहे. गाडी पाण्याजवळ नेता येते, उद्यानाचे प्रवेशशुल्क भरावे लागते. तळ बराचसा रेताड आणि घट्ट असल्यामुळे पाय रुतण्याची भीती कमी, आणि समुद्रगवताचे पट्टे जवळच सुरू होतात. मुख्य भूमीवरून बेटाकडे जाणाऱ्या जेएफके कॉजवेच्या आजूबाजूलाही पाण्यात उतरता येते. तिथे खोल पाणी जवळ असल्यामुळे थंडीच्या दिवसांत ब्लॅक ड्रम मिळण्याची शक्यता चांगली असते.

बॅफिन बेचे नाव मात्र प्रत्येकाच्या तोंडी ऐकू येईल. लगुना माद्रेला पश्चिमेकडून जोडलेला हा उपसागर मोठ्या ट्राउटसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या तळावर नळीकृमींनी फार पूर्वी बांधलेले दगडासारखे कठीण खडक विखुरलेले आहेत, आणि कडेचा तळ अनेक ठिकाणी मऊ चिखलाचा आहे. खडक होडीचा तळ फाडतात आणि चिखल माणसाला अडकवतो, म्हणून पहिल्या हिवाळ्यात बॅफिनला जायचे असेल तर परवानाधारक मार्गदर्शकाबरोबरच जावे. सरोवराच्या आणि बॅफिनच्या किनाऱ्याची बरीच जमीन किंग रँचसारख्या खाजगी मालकीची आहे. पाण्यात उभे राहावे, पण विश्रांतीसाठी त्या काठावर चढू नये.

जागा ठरली की त्या जागेत नेमके कुठे उभे राहायचे हे पाण्याच्या पातळीवरून ठरवावे. पातळी बरी असेल आणि दुपार उबदार असेल तर समुद्रगवताच्या पट्ट्यांमधले मोकळे वाळूचे किंवा चिखलाचे खळगे शोधावेत. गवतामध्ये फिकट डाग दिसतो तो वाळूचा खळगा. ट्राउट त्याच्या मधोमध कमी आणि कडेला गवताच्या सावलीत अधिक वेळा असतो. उत्तरेच्या वाऱ्याने पाणी उतरले असेल तर उथळ भाग सोडून त्याला लागून असलेल्या घळी, वाहाळ आणि खोल पाण्याचे काठ धरावेत. उथळ चिखलाच्या शेजारी तीन-चार फूट खोल पाणी असेल अशी जागा हिवाळ्यात सोने समजावी, कारण थंडी वाढली की मासा खाली सरकतो आणि ऊन आले की वर येतो, आणि त्याला फार दूर पोहावे लागत नाही.

जागेचा अंतिम निवाडा बोय करतो. जिथे बोय एखादी उडी मारतो, किंवा पृष्ठभागावर घाबरून थरथरतो, तिथे थांबावे. जिथे अर्ध्या तासात एकही बोय दिसत नाही तिथून निघावे, मग ती जागा कितीही नावाजलेली असो. थंड पाण्यात बोय फार उड्या मारत नाही, त्यामुळे एकच उडीदेखील पुरावा म्हणून पुरेशी धरावी. झोळीवाले पेलिकन कुठे सूर मारतात तेही पाहावे. शांत दुपारी पाण्यावर अचानक तेलकट, गुळगुळीत चकती उमटते आणि कलिंगडासारखा वास येतो. खाणाऱ्या ट्राउटच्या पोटातले तेल वर आल्याने ती तयार होते. चकती वाऱ्याबरोबर वाहते आणि मोठी होत जाते, म्हणून चकती लहान असतानाच, तिच्या वारा येणाऱ्या बाजूला, फेक टाकावी.

परवाना आणि मोजमाप

१७ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या बहुतेक सर्वांना टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचा मासेमारी परवाना आणि त्यावर खाऱ्या पाण्याची नोंद लागते. नेहमीचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो, हे डिसेंबरात विकत घेताना ध्यानात ठेवावे. मार्च २०२४ पासून ट्राउटची दैनंदिन मर्यादा माणशी ३ मासे आणि लांबी १५ ते २० इंच अशी आहे. त्याहून बराच मोठा मासा केवळ परवान्याबरोबरचा टॅग लावूनच ठेवता येतो. रेडफिशसाठी मर्यादा ३ मासे आणि २० ते २८ इंच अशी आहे. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी खात्याच्या संकेतस्थळावर ते पुन्हा वाचावेत. लांबी मोजताना माशाचे तोंड बंद करून आणि शेपटीचे टोक दाबून धरून मोजतात. मोठ्या ट्राउटना वाचवण्यामागे कारण आहे : मोठे ट्राउट जवळजवळ सगळे माद्या असतात आणि वसंतापासून सुरू होणाऱ्या विणीच्या हंगामात एक मोठी मादी लहान माद्यांपेक्षा कितीतरी अधिक अंडी घालते.

अंगावर काय घालावे

पाण्यात तासन्‌तास उभे राहणाऱ्याने कपड्यांवर आधी खर्च करावा आणि काठीवर नंतर. छातीपर्यंत येणारे, हवा खेळू देणारे वेडर्स, म्हणजे पाण्यात उभे राहण्यासाठीची जलरोधक विजार, आणि त्यांच्या बाहेरून घालायचे स्वतंत्र बूट ही जोडी सर्वांत सोयीची. आत सुती कपडे अजिबात नकोत, कारण सूत घामाने ओले होते आणि थंड होऊन अंगाला चिकटते. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर फ्लीस, आणि सर्वांत वर पाणी-वारा अडवणारे आखूड जाकीट अशी मांडणी ठेवावी. दोन-तीन जाड मोजे कोंबून बूट घट्ट केले तर रक्तप्रवाह आवळला जाऊन पाय उलट लवकर गारठतात. एक पातळ आणि एक जाड मोजा पुरतो.

वेडर्सवर कमरेचा पट्टा घट्ट बांधणे सक्तीचे समजावे. माणूस पडला तर पाणी आत शिरण्याचा वेग हा पट्टा कमी करतो. वेडर्समध्ये पाणी भरले की माणूस तळाला ओढला जातो, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात पाण्यातल्या पाण्याचे वजन भासत नाही, मात्र बाहेर चढताना तेच वजन पायांना जखडते. पडल्यास घाबरून हातपाय न झाडता पाठीवर व्हावे, गुडघे वाकवावेत आणि उथळ पाण्याकडे हात मारत जावे. फुगवता येणारे जीवरक्षक जाकीट घातले तर हालचालीला अडथळा होत नाही आणि सुरक्षितता पुष्कळ वाढते.

फोन पाणबंद पाकिटात छातीशी, शिटी गळ्यात, होकायंत्र किंवा जीपीएस खिशात, आणि कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड व गरम चहाचा थर्मास गाडीत ठेवावा. कुठे उतरणार आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघावे.

पाण्यात चालणे

पाऊल उचलून टाकू नये. तळ न सोडता ते पुढे सरकवावे. पाकट वाळूत अंग झाकून पडलेली असते. सरकते पाऊल तिला लागले तर ती निघून जाते, पण पाय वरून पडला तर शेपटीचा काटा मारते. थंडीत पाकटी बऱ्याच खोल पाण्यात जातात, तरी उबदार दुपारी काही परत येतात, म्हणून ही सवय बाराही महिने ठेवावी. काटा लागलाच तर पाण्याबाहेर यावे, सहन होईल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, कारण उष्णतेने वेदना कमी होतात. काटा खोल रुतला असेल तर स्वतः न उपसता डॉक्टरकडे जावे.

चिखलाचा अंदाज पायाला आधी येतो. घट्ट वाळूवर बुटाचा तळ सपाट बसतो. समुद्रगवतावर किंचित दबतो. मऊ चिखल सुरू झाला की घोटा आत जातो आणि पाय काढताना खालून ओढ जाणवते. घोट्याच्या वर पाय जाऊ लागला की त्याच वाटेने मागे फिरावे, पुढे घट्ट तळ लागेल या आशेवर चालू नये. अडकल्यास एक पाय जोराने उपसण्याचा प्रयत्न केला तर दुसरा आणखी खोल जातो. त्याऐवजी थोडे मागे रेलून, टाच डावी-उजवीकडे हलवत, पाण्याला बुटाभोवती शिरू द्यावे.

सरोवराच्या मधून जाणारा इंट्राकोस्टल कालवा १२ फूट खोलीचा आखलेला आहे आणि त्याचा काठ काही पावलांत तुटतो. तिथून बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू तराफे, ओढणाऱ्या बोटी जातात. बार्ज जवळ येताना पाणी आधी काठावरून ओढले जाते आणि मग लाट उसळते. काठापासून अंतर ठेवूनच उभे राहावे. गुडघा ते कंबर ही नवख्याची हद्द. त्यापुढे पाणी शरीराची उष्णता वेगाने शोषते, फेक आखूड होते आणि तोल जातो.

थरथर सुरू झाली, बोटांना गाठ बांधता येईना, किंवा जोडीदार बोलताना अडखळू लागला, तर त्या क्षणी मासेमारी संपली असे समजावे आणि गाडी गाठावी. एकट्याने उतरू नये, हे नव्याने शिकणाऱ्याला मी पुन्हा पुन्हा सांगेन.

फेक आणि ओढ

साडेसहा ते सात फुटांची मध्यम-हलकी काठी, त्यावर १५ ते २० पौंडी ब्रेडेड दोरी आणि टोकाला सुमारे अर्धा मीटर २० पौंडी फ्लुओरोकार्बनचा तंगूस एवढे पुरते. कृत्रिम आमिषांत दोन प्रकार पुरेसे आहेत. पहिला, एक षोडशांश ते एक अष्टमांश औंसाच्या शिशाच्या डोक्याच्या गळाला लावलेले मऊ प्लॅस्टिकचे शेपटीवाले आमिष. दुसरा, ह्यूस्टनच्या पॉल ब्राउन यांनी बनवलेला आणि सगळ्या किनाऱ्यावर ‘कॉर्की’ या नावाने ओळखला जाणारा, पाण्यात मधोमध तरंगत राहणारा मऊ अंगाचा प्लग. हिवाळी ट्राउटसाठी तो इतका उपयुक्त ठरला की इथल्या अनेक जाणकारांच्या पेटीत थंडीत दुसरे फारसे काही नसते. पाणी गढूळ असेल तर गडद रंग, स्वच्छ असेल तर बोयसारखा फिका रंग, एवढेच सुरुवातीला पाळावे. रंगांवर वेळ घालवू नये.

वारा पाठीशी किंवा तिरपा घ्यावा. पाण्यात उतरल्यावर लगेच चालायला लागू नये, आधी पायाजवळच्या पाण्यातच फेकून पाहावे, कारण मोठे ट्राउट कधी कधी गुडघाभर पाण्यात असतात आणि पहिल्याच मोठ्या पावलाने पळतात. त्यानंतर डावीकडून उजवीकडे पंख्याच्या आकारात फेकी टाकाव्यात, प्रत्येक फेकीत काही हात अंतर सोडावे, संपूर्ण पंखा झाला की दोन-तीन पावले सरकावे. जोडीदार तीस-चाळीस मीटरांवर, त्याच रेषेत चालावा.

कॉर्की पाण्यावर पडली की वलये विरेपर्यंत थांबावे. मग काठीचे टोक पाण्याकडे झुकवून दोन आखूड झटके द्यावेत, ढिली झालेली दोरी गुंडाळून घ्यावी आणि मनात सावकाश पाच आकडे मोजावेत. पाणी थंड असेल तर दहा. या थांब्यातच मासा घेतो. तापलेल्या पाण्यात ट्राउट आमिषावर तुटून पडतो. थंड पाण्यात तो त्याच्या मागे हळू येतो, खाली थांबतो आणि तोंड उघडून ते आत ओढतो. हाताला काय जाणवते? बहुतेक वेळा जोराचा हिसका बसत नाही. दोरीत एक बारीक ‘टक्‌’ होते, किंवा गवत अडकल्यासारखे जड वाटते, किंवा दोरी नुसतीच बाजूला सरकू लागते. गवत समजून दोरी ढिली सोडू नये. तिन्ही वेळी काठी बाजूला, सलग आणि घट्ट ओढावी. वर झटका मारू नये. ट्राउटच्या तोंडाची कातडी पातळ असते, जोराच्या झटक्याने गळ फाटून निघतो. त्याच कारणाने रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना लागणारा ताण, थोडा सैल ठेवावा आणि मोठी मादी डोके हलवू लागली की तिला दोरी घेऊ द्यावी.

नवखा माणूस आमिष फार वेगाने ओढतो. ही हिवाळ्यातली सर्वांत सामान्य चूक. आमिष हळू चालले आहे असे वाटले की आणखी हळू करावे, आणि जागा चांगली असेल, बोय दिसत असतील, तर तासभर काहीही न लागले तरी तिथेच राहावे. थंडीत मासे विखुरलेले नसतात. एका खळग्यात किंवा एका काठावर गोळा झालेले असतात, आणि दुपारी कधीतरी एकाच अर्ध्या तासात खातात.

फेकत राहण्याचा कंटाळा येणाऱ्यांनी किंवा मुलांना घेऊन येणाऱ्यांनी कॉजवेजवळ खोल पाण्याच्या काठावर मेलेली कोळंबी तळाशी टाकून ब्लॅक ड्रम गरवावा. यात चालणे कमी आणि यश बरेच निश्चित असते.

मासा हातात आल्यावर

जाळीने उचलावा. ट्राउटच्या वरच्या जबड्यात पुढे दोन लांब सुळे असतात, त्यामुळे अंगठा तोंडात घालू नये. सोडायचा मासा हात ओले करून धरावा, तिहेरी गळांचे काटे आधीच चिमट्याने दाबून ठेवावेत म्हणजे तो पटकन सुटतो. छायाचित्र हवे असेल तर जोडीदार तयार झाल्यावरच मासा पाण्याबाहेर काढावा. गोठवणाऱ्या वाऱ्यात त्याचे कल्ले आणि डोळे लवकर दुखावतात. पाण्यात आडवा धरून ठेवावा, तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत.

कडाक्याच्या गोठणीत मासेमारी करूच नये. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासच्या किनाऱ्यावर ६१ जातींचे किमान ३८ लाख मासे मेल्याचा अंदाज खात्याने दिला, आणि ट्राउटचे सर्वाधिक नुकसान लगुना माद्रेत झाले. अशा वेळी जिवंत राहिलेले मासे खोल घळींत दाटीवाटीने थांबतात, हालचालही करू शकत नाहीत; तिथे गळ टाकणे म्हणजे उरलेले बीज उचलणे होय. खाते अशा जागा त्या काळापुरत्या बंदही करते. याच थंडीत हिरवी समुद्री कासवे बधिर होऊन पाण्यावर तरंगतात. ती मेलेली दिसतात, पण बहुधा जिवंत असतात. त्यांना पुन्हा पाण्यात ढकलू नये, नॅशनल सीशोरच्या कर्मचाऱ्यांना लगेच कळवावे.

ठेवलेला ट्राउट बर्फात गेला पाहिजे, आणि तोही लगेच, कारण त्याचे मांस नरम असते. गाडीपर्यंत दोरीला बांधून पाण्यात ओढत नेले तरी थंडीत चालते. साफ करताना मांसात कधी कधी दोऱ्यासारखा पांढरा कृमी आढळतो. तो शार्कमध्ये वाढ पूर्ण करणाऱ्या पट्टकृमीची अळी आहे, माणसाला अपायकारक नाही. सुरीच्या टोकाने काढून टाकावा आणि मासा नीट शिजवावा. हळद, तिखट, आगळ लावून, रव्यात घोळून तव्यावर मंद आचेवर तळला तर तुकडे मोडत नाहीत. कालवणात मात्र शेवटी घालावा आणि ढवळू नये. वेडर्स, बूट आणि रील त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवावेत, कारण इथले खारट पाणी लवकर गंज चढवते, आणि वेडर्स आतून-बाहेरून उलटे करून सावलीत वाळवावेत.